लाखातली एक बंदूक

वाटणीच्या कागदात घर आलं, वेदगंगेकाठचं शेत आलं, आत्याबाईंचे दागिने तोळ्या-माशांत आले. मामंजींच्या रायफलीपुढचा रकाना मात्र रिकामा राहिला. वकील म्हणाले, काहीतरी आकडा घाला. थोरले भाऊजी पुण्याहून फोनवर म्हणाले, "दहा लाख घाला. लिमिटेड एडिशन आहे ती, सोन्याची आहे." वन्सं कोल्हापुरातून म्हणाल्या, तसं असेल तर मला रायफल नको, रोख द्या. निपाणीत मामंजींजवळ आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे दहा लाख खरे धरले तर रोख देणारे आम्हीच. म्हणून मी ठरवलं, आधी ती बंदूक काय आहे ते नीट समजून घ्यायचं.

मामंजींनी ती १९६७ साली मिशिगनमध्ये घेतली. तिथे ते नोकरीला होते. ज्या हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणि रंगाचे डबे आणायचे, त्याच दुकानातून रायफल आणली. अमेरिकेत तेव्हा रायफल टपालानेसुद्धा मागवता यायची. १९६८ च्या कायद्याने ते बंद झालं. तिथे १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि कारखान्यातली निम्मी माणसं रजेवर जातात, असं ते सांगतात. कितीदा गेलात विचारलं की हसतात. किती हरणं मारलीत विचारलं की ऐकू येत नाही.

१९७३ च्या सुरुवातीला ते सामानासकट बोटीने मुंबईला उतरले आणि निपाणीला आले. राज्याचं नाव तेव्हा कर्नाटक झालेलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या परवान्यावर अजून म्हैसूर राज्य छापलेलं आहे. शिकारीचा प्रश्न तोवर सरकारनेच मिटवला होता, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आलाच होता. तेव्हापासून ही रायफल बाहेर निघते ती खंडेनवमीला, परवान्याच्या नूतनीकरणाला आणि निवडणुका लागल्या की ठाण्यात जमा करायला.

मी पहिल्यांदा ती नीट बघितली ती जेवणाच्या टेबलावर, पांढरी चादर अंथरून. मामंजींनी आधी लिव्हर खाली ओढून दाखवली, आतमध्ये बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, मग मला हात लावू दिला. ते रोज हाताळत असते तरी त्यांनी हे केलंच असतं. नळी अष्टकोनी, चांगली २६ इंच लांब. मधला सगळा भाग, ज्याला रिसीव्हर म्हणतात तो, सोनेरी. पुढच्या लाकडाच्या टोकाची टोपीही सोनेरी. सराफाकडची डोळ्याला लावायची भिंग माझ्या भाच्याने आणून दिली होती, ती लावून मी अक्षरं वाचायला बसले.

नळीवर 'विंचेस्टर', म्हणजे बनवणारी अमेरिकन कंपनी, आणि 'सेंटेनियल ६६'. दस्त्याजवळच्या पट्टीवर 'अ सेंच्युरी ऑफ लीडरशिप'. नळीवरच बोअरचा, म्हणजे नळीचं माप आणि काडतूस सांगणारा शिक्का, ३०-३०. नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात दोन अक्षरं, डब्ल्यू आणि पी. हा विंचेस्टरचा कारखान्यातला चाचणीचा शिक्का, जादा दाबाचं काडतूस उडवून नळी टिकते का ते बघितल्याची खूण. रायफलीचा नंबर रिसीव्हरच्या खालच्या बाजूला, पुढे. तो कागदावर उतरवून घेतला आणि परवान्यावरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. जुळला. हे काम कंटाळवाणं आहे, पण एक आकडा इकडचा तिकडे असता तर पुढचं काहीच करायला अर्थ नव्हता.

घरात या अक्षरांचे अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावले होते. कुणीतरी १८६६ असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून भाऊजींच्या एका मित्राचं म्हणणं होतं की ही दीडशे वर्षांची अँटिक आहे, हिला परवानाच लागत नाही. खरी गोष्ट अशी की विंचेस्टर कंपनी १८६६ साली सुरू झाली आणि शंभर वर्षं झाली म्हणून १९६६ साली त्यांनी ही स्मरण-आवृत्ती काढली. त्यांच्या १८६६ च्या पहिल्या रायफलीचा मधला भाग पिवळ्या धातूचा होता, लोक तिला यलो बॉय म्हणायचे. त्या पिवळेपणाची आठवण म्हणून हिला सोनेरी मुलामा. आतली यंत्रणा तर त्याहून वेगळीच, जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या मॉडेलची. आणि परवान्याचं म्हणाल तर शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमातली सूट आहे ती जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा हत्यारांना. ही आजही उडेल. पुरावस्तू कायद्याची शंभर वर्षांची अट धरली तरी हिला अजून वेळ आहे.

सोन्याचा निकाल मात्र फार लवकर लागला. भाऊजी गणपतीला आले तेव्हा ओळखीच्या सराफांना घरी घेऊन आले, कसोटीसकट. कसोटीच्या दगडावर रायफल घासायची कल्पना ऐकून मी मध्ये पडणार होते, पण त्याची गरज पडली नाही. सराफांनी चष्मा वर केला, कडेला जिथे करडा धातू दिसत होता तिथे बघितलं आणि म्हणाले, "हे गिलीट आहे हो. सगळं खरवडून काढलंत तर मंगळसूत्राचा एक मणी व्हायचा नाही." चहा घेतला आणि गेले. भाऊजी गप्प झाले, पण "लिमिटेड तर आहे ना?" हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

मग मी त्या लिमिटेडच्या मागे लागले. विंचेस्टरने स्मरण-रायफलींची ही मालिका १९६४ साली सुरू केली. पहिली निघाली वायोमिंग राज्याच्या अमृतमहोत्सवाची, ती सुमारे दीड हजारच काढली. ती खपली, लोकांना आवडली, आणि कंपनीला धंदा कळला. दोन वर्षांनी स्वतःची शंभरी आली तेव्हा त्यांनी सेंटेनियल ६६ किती काढल्या असतील? एक लाखाच्या वर. पुढच्या वर्षी कॅनडाच्या शंभरीची आली, मग बफेलो बिलची, मग आणखी कसली कसली. लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या, खोक्यातून न काढता माळ्यावर ठेवल्या. आता त्या लोकांची मुलं विकायला काढतात, त्यामुळे तिकडच्या बाजारात न वापरलेल्या, खोक्यातल्या, लेबलासकट रायफलींचा तुटवडाच नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवायला बनवण्याची पद्धत बदलली आणि जाणकार तेव्हापासून ६४ च्या आधीची आणि नंतरची असे दोन भाग पाडतात. आधीच्या साध्यासुध्या, काळ्या, घासलेल्या रायफलीलाही मान जास्त. म्हणजे आमची सोनेरी नवरी चुकीच्या बाजूला. कारखान्यातून दाखला मिळेल का हेही बघितलं. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत आणि तिथून पत्र मिळतं, पण या मॉडेलच्या नोंदी आहेत त्या सुरुवातीच्या काळातल्या नंबरांच्या. १९६६ चा नंबर त्यात नाही.

एवढं घरी बसून झालं. आता जाणत्या माणसाला बंदूक प्रत्यक्ष दाखवायची होती, आणि इथे सीमाभाग आडवा आला. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या आत. तिथे संस्थानकाळापासून शिकारीची परंपरा, बंदुका जाणणारी माणसं, आणि आमचं दवाखान्यापासून बस्त्यापर्यंत सगळं कोल्हापुरातच होतं. पण मामंजींचा परवाना कर्नाटकापुरता आहे. ऊस जातो, दूध जातं, मुली सासरी जातात, पण ही रायफल कोगनोळीच्या नाक्यापलीकडे गेली की गुन्हा. कोल्हापूरच्या एका जुन्या कारागिराला मी फोटो पाठवले. त्यांनी फोटो बघून पाच-सहा नेमके प्रश्न विचारले, पण किंमत सांगायला नकार दिला. "हातात घेतल्याशिवाय बोलायचं नसतं वहिनी." राहिलं बेळगाव, उलट्या दिशेला आणि दुप्पट लांब.

रायफल घेऊन जायचं कुणी, हाही प्रश्न होता. मला वाटायचं, मामंजींचं पत्र घेऊन नवरा जाईल. कायद्यात तशी सवलत आहे, पण ती परवानेधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी. किंमत करून घेणं त्या यादीत कुठे बसतं, यावर रस्त्यात कुणाशी वाद घालत बसायची आमची तयारी नव्हती. म्हणून ८१ वर्षांचे मामंजी इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या सीटवर बसले, परवाना वरच्या खिशात, आणि रायफल कापडी गवसणीत मागे. काडतुसं घरीच ठेवली.

बेळगावच्या त्या परवानाधारक विक्रेत्याने गवसणीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, आधी कागद." परवाना, त्यावरचा यूआयएन म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदीतला क्रमांक, सगळी नूतनीकरणं. मग विचारलं, ही देशात आली कशी? मामंजींनी पत्र्याच्या ट्रंकेतला लिफाफा काढला. मुंबई कस्टम्सची पावती आणि मिशिगनच्या दुकानाचं बिल, दोन्ही पन्नास वर्षं जपलेली. विक्रेता खुर्चीत पहिल्यांदा पुढे सरकला. ऐंशीच्या दशकात बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे इथे परदेशी हत्याराला तिकडच्यापेक्षा भाव येतो. पण आणल्याचा कागद नसेल तर जाणता ग्राहक हात लावत नाही, असं ते म्हणाले.

मग रायफल बघितली, आणि ते बघणं बघण्यासारखं होतं. आधी स्क्रूंच्या खाचा. एकाही खाचेची कड मोडलेली नव्हती, म्हणजे कुणी हौशी माणसाने ती उघडलेली नाही. हे चांगलं. मग नळीच्या तोंडाला छोटी बॅटरी लावून बराच वेळ. या लिव्हरच्या रायफलीत पाठीमागून गज घालता येत नाही, साफ करायची तर तोंडाकडूनच करावी लागते, आणि निष्काळजी हाताने गज घासून घासून तोंडाची कड झिजते. मामंजींचा हात हलका होता; कड शाबूत. मग लाकूड. दस्त्याला खालून एक छिद्र होतं, पट्ट्याची कडी बसवायला मिशिगनमध्ये पाडून घेतलेलं. विक्रेत्याने त्यावर नुसतं बोट ठेवलं आणि "हं" म्हणाले. स्मरण-रायफलीला कारखान्यानंतर पाडलेलं छिद्र म्हणजे संग्राहक पाठ फिरवणार.

शेवटी सोनेरी भाग. डाव्या बाजूचा मुलामा मधोमध गेलेला, कडांना तर करडा धातूच. त्यांनी विचारलं, "एवढी उडवली का?" मामंजी म्हणाले, छे. मला उत्तर माहीत होतं. दर खंडेनवमीला आत्याबाई समया, तांब्या, देवांचे टाक आणि रायफल एकाच बैठकीत चिंच लावून लख्ख करतात, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. पन्नास वर्षं. अमेरिकेतल्या जंगलात जे झालं नाही ते निपाणीच्या देवघरात झालं. घरी आल्यावर हे सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मग काय काळी पडू द्यायची होती?" त्यांच्या दृष्टीने ते हत्यार आहे, दसऱ्याला पुजायचं असतं, आणि पुजायची वस्तू पारोशी ठेवत नाहीत. किमतीचा हिशेब लावणाऱ्या कुठल्याही जाणकारापेक्षा मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, फक्त वकिलाच्या रकान्यात ते लिहिता येत नाही.

दुकानातच एक भलतंच लफडं बाहेर आलं. विक्रेत्याने ऑनलाइन नोंदीचा उतारा वाचता वाचता विचारलं, "बोअर ७.६२ कुणी लिहिलं?" जुन्या परवान्यावर हाताने 'पॉइंट ३० विंचेस्टर' लिहिलेलं. ती माहिती कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी त्याचं मिलिमीटर करून टाकलं होतं. गणित बरोबर, ०.३० इंच म्हणजे ७.६२ मिलिमीटरच. पण आपल्याकडे ७.६२ हा सैन्याचा बोअर, त्याची रायफल प्रतिबंधित वर्गात जाते. म्हणजे मामंजींच्या नावावर कागदोपत्री एक निषिद्ध हत्यार बसलेलं. ते ७.६२ असेपर्यंत हिची किंमत शून्य, कारण साध्या परवान्यावर ती कुणाला घेताच येणार नाही.

विक्रेता घाबरवायला बोलत नव्हता. त्यांनी रस्ताही सांगितला. नियमाचा मुद्दा नळीच्या मापाचा नाही, सैन्याचं काडतूस त्या रायफलीत बसून उडतं का, हा आहे. थर्टी-ओ-सिक्स नावाच्या दुसऱ्या बोअरचं मापही तेच, आणि इशापूरचा सरकारी कारखाना ती नागरिकांना विकतो. ३०-३० चं काडतूस कडेचं, बुटकं, १८९५ पासूनचं शिकारीचं. सैन्याची गोळी हिच्या काडतुसाच्या घरात बसत नाही. नोंद दुरुस्त करायच्या अर्जाला आम्ही नळीवरच्या शिक्क्याचा स्वच्छ फोटो, कस्टम्सची पावती आणि म्हैसूर राज्याच्या परवान्याचं पान लावलं. मग पोलिसांच्या आर्मररला, म्हणजे त्यांची हत्यारं सांभाळणाऱ्या माणसाला, रायफल दाखवावी लागली. त्या गृहस्थाने ती अगदी प्रेमाने हाताळली, आणि 'ही उडवता का अजून?' असं मामंजींना कन्नडमध्ये विचारलं. मामंजींनी कन्नडमध्येच काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसले. दुरुस्ती झाली, पण त्याला लागायचा तेवढा वेळ लागला. निवडणुकीत बंदूक जमा केल्याच्या जुन्या पावत्या मामंजींनी ठेवल्या होत्या, त्या तेव्हा फार कामाला आल्या. दर पावतीवर नंबर तोच, आणि बोअर कुठेच ७.६२ नाही.

आणि किंमत? विक्रेत्याने ती सांगितली ती हिशेबासकट. तिकडे अशा वापरलेल्या, छिद्र पाडलेल्या रायफलीला काही शे डॉलर मिळतात. पण त्याला डॉलरच्या भावाने गुणून इथली किंमत निघत नाही. इथे आयात बंद म्हणून भाव वर जातो. हीच रायफल थर्टी-ओ-सिक्स असती तर ग्राहक रांगेत उभे राहिले असते, कारण तिची काडतुसं देशात बनतात. ३०-३० ची बाजारात मिळत नाहीत. मामंजींकडे मूठभर उरलीत, तीही चपट्या नाकाची, कारण हिच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि टोकदार गोळी पुढच्याच्या कॅपवर टेकली तर आतच स्फोट व्हायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. पूर्वी लोक तिसऱ्या जागेवर हौसेची वस्तू घ्यायचे. आता ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो त्यातली एक गोळी न मिळणाऱ्या रायफलीवर का घालवील? ग्राहक खरा विकत घेतो ती परवान्यातली ती जागा, आणि जागा महाग झाली की वस्तू स्वस्त होते. हे ऐकल्यावर मला सगळा प्रकार लख्ख समजला. लाखभर काढल्या की हजार, हा प्रश्न अमेरिकेतला. निपाणीतला प्रश्न एवढाच, की ही घेण्याची परवानगी असलेली, घेण्याची इच्छा असलेली आणि उडवता आली नाही तरी चालेल अशी माणसं या राज्यात किती.

दीड लाख, ते म्हणाले. बोअरची नोंद दुरुस्त झाल्यावर, कागदांसकट. कागद नसते तर याच्या निम्मेही नाहीत. लिहून द्यायला ते आधी कांकूं करत होते, पण मामंजींनी विनंती केल्यावर आपल्या लेटरहेडवर नंबर, बोअर, स्थिती आणि अंदाज असं लिहून दिलं. ते पत्र वाटणीच्या फाइलीत लागलं.

भाऊजींना फोन केला. पलीकडे थोडी शांतता, मग म्हणाले, "दीड लाखासाठी पुण्याला कुठे परवाने काढत बसू? तुमच्याकडेच असू दे की." वन्संनी त्यांच्या वाट्याचे पन्नास हजार मागितले, तेही शेताच्या हिशेबात वळते करून घेतले. मामंजींनी ती नवऱ्याच्या नावावर करायचा अर्ज दिला आहे. २०१६ च्या नियमांत, परवानेधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की तो जिवंतपणी वारसाकडे देऊ शकतो. मामंजी दोन्ही अटींत बसतात. नवऱ्याला हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो त्याने आणला. आता पोलिसांचा अहवाल जायचा आहे. परवाना होईल तो पाच वर्षांचा, पूर्वीसारखा तीन वर्षांचा नाही, एवढाच काय तो त्रास कमी.

आता भाऊजींनी विचारलंय की मामंजींच्या वडिलांच्या डबल बॅरलचं काय. बारा बोअरची आहे, बर्मिंगहॅमची. नळ्या उतरवून खालून बघितल्या तर मुकुटाखाली एन आणि पी अशी अक्षरं दिसतात, म्हणजे १९०४ किंवा त्यानंतर बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. बाराची काडतुसं तर बेळगावात मिळतात. मी अजून त्यांना काही बोललेले नाही.